सहलीआधीची रंगीत तालीम: दोघांनी रुळवाटेवर काढायचे दोन दिवस

मुले, आजी-आजोबा किंवा भावाबहिणींची कुटुंबे यांना घेऊन रुळवाटेवर, म्हणजे रूळ काढलेल्या जुन्या लोहमार्गावर, चार-पाच दिवसांची सायकलसहल ठरली, की बहुतेक घरांत तयारी म्हणजे नकाशा आणि सामानाची यादी एवढीच होते. माझे मत असे आहे की, त्या सहलीच्या निदान तीन आठवडे आधी ज्या दोघांच्या अंगावर सगळी जबाबदारी पडणार आहे, त्या जोडप्याने त्याच वाटेच्या एका टप्प्यावर, आणि ते जमत नसेल तर तशाच दुसऱ्या वाटेवर, शनिवार-रविवार सायकल चालवून यावे. तीन आठवडे एवढ्यासाठी की, सीट बदलावी लागली तर तिची सवय व्हायला आणि एखादा सुटा भाग मागवावा लागला तर तो हातात यायला तेवढे दिवस लागतात. नाटकाच्या रंगीत तालमीत वेशभूषा आणि प्रकाशयोजना खरीखुरी असते, फक्त प्रेक्षक नसतात. या दोन दिवसांतही सामान, वजन आणि वेग हे सारे खरे असावे, फक्त कुटुंब सोबत नसावे. दोघांनी मोकळ्या सायकलींवर मजेत मारलेली फेरी या कामाला उपयोगी पडत नाही.

सपाट वाटेचा चकवा

रेल-ट्रेल म्हणजे गाड्या बंद झाल्यावर रूळ आणि स्लीपर उचलून, उरलेल्या भरावावर बारीक खडी किंवा डांबर घालून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मोकळा केलेला जुना लोहमार्ग. मी तिला रुळवाट म्हणते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्यामुळे रेल्वेच्या अभियंत्यांनी चढ शक्यतो शंभराला दोनच्या आत ठेवले आणि त्यासाठी डोंगर फोडले, बोगदे खणले, दऱ्यांवर पूल बांधले. त्या कष्टांचे फळ आज सायकलवाल्यांना मिळते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९६७ साली सुरू झालेली एलरॉय-स्पार्टा ही वाट अशा वाटांपैकी पहिली मानली जाते, आणि त्यानंतर ही कल्पना अनेक देशांत रुजली. मोटारींपासून दूर आणि मंद चढाची, म्हणून कुटुंबासाठी हीच वाट निवडली जाते, आणि ते योग्यच आहे.

मात्र सपाट वाट सोपी असते, हा समज दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना गळून पडतो. डोंगरी रस्त्यावर चढ आला की माणूस उभा राहून पेडल मारतो आणि उतार आला की पाय थांबवतो; या दोन्ही वेळी बैठकीला आणि तळहातांना आपोआप विश्रांती मिळते. रुळवाटेवर ना चढ ना उतार, त्यामुळे दीड-दोन तास माणूस एकाच आसनात, एकाच लयीत पेडल मारत राहतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होणे ही याचीच खूण. तळहाताच्या कडेने जाणाऱ्या नसेवर हँडलचा दाब सतत राहिल्याने ते होते. उपाय साधा आहे, पण तो आठवणीने करावा लागतो: दर पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहून दहा-बारा फेरे मारावेत आणि हँडलवरची हातांची जागा बदलावी. मुलांना हे सुचत नाही आणि वडीलधारे सांगत नाहीत, तेव्हा या सूचनेची वेळ तुमच्या तोंडी बसणे हेही तालमीचेच काम आहे.

दुसरा चकवा चढाचा. शंभराला एक हा चढ डोळ्यांना दिसत नाही, पण तो सलग १५ किलोमीटर राहिला तर तुम्ही १५० मीटर उंची चढलेले असता, आणि मागे मूल बसलेले असेल तर तो प्रत्येक मीटर पायांना कळतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग ते कंबरलंड अशी सुमारे २४० किलोमीटरची ग्रेट अलेघेनी पॅसेज ही वाट याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा माथा सुमारे ७२९ मीटरवर असून पिट्सबर्गकडून येणारा सायकलस्वार तो दोनशे किलोमीटरमध्ये हळूहळू चढतो, तर कंबरलंडकडून निघणाऱ्याला साधारण ५४० मीटरचा चढ चाळीसेक किलोमीटरमध्येच चढावा लागतो. वाट तीच असली तरी कोणत्या टोकाकडून निघायचे, यावर घरातल्या सर्वांत दुबळ्या पायांचे सुख अवलंबून असते. म्हणून नकाशावर अंतराआधी उंचीचा आलेख पाहावा आणि तालमीसाठी त्या आलेखातला चढता भाग निवडावा.

टप्पा कसा निवडावा

जाऊन त्याच वाटेने परत येणे, हा तालमीसाठी सर्वांत चांगला बेत. गाडीपाशी परत नेणाऱ्या वाहनाची सोय लावत बसावे लागत नाही आणि तोच रस्ता उलट दिशेने पाहिला की सकाळी न जाणवलेला वारा आणि चढ दोन्ही उघडे पडतात. रेल्वेची वाट मोकळ्या माळावर मैलोन्मैल सरळ जाते. खोदून काढलेल्या भागात ती दोन्ही बाजूंनी आडोशाला असते, पण भरावावर आली की समोरचा वारा छातीवर येतो आणि ताशी चार-पाच किलोमीटर सहज खाऊन टाकतो.

अंतर आखताना आम्ही एक युक्ती वापरली. मुक्कामाचे ठिकाण २८ किलोमीटरवर होते. शनिवारी तेथे पोहोचून सामान उतरवले आणि संध्याकाळी मोकळ्या सायकलींवर सहा किलोमीटर पुढे जाऊन परत आलो. असे पहिल्या दिवशी ४० किलोमीटर झाले आणि दुखऱ्या अंगाने करायच्या रविवारच्या परतीसाठी २८ उरले. त्या संध्याकाळच्या फेरीत पुढच्या टप्प्याची जी माहिती मिळाली, ती वेगळीच.

निवडलेल्या टप्प्यात मोठ्या सहलीतली अवघड जागा एक तरी असावी: सर्वांत लांब बोगदा, सर्वांत उंच पूल किंवा ज्या पट्ट्यात सर्वांत जास्त अंतर पाणी मिळत नाही तो पट्टा. जुनी स्थानके पाहून पाण्याचा आणि सावलीचा अंदाज बांधता येतो, कारण वाट बहुधा त्याच गावांमधून जाते. पण स्थानकाची इमारत उभी आहे म्हणजे तेथे नळ चालू आहे, असे धरून चालू नये. निघण्याआधी वाटेची देखभाल करणाऱ्या संस्थेकडून बंद असलेले पूल आणि बोगदे विचारून घ्यावेत. वर उल्लेख केलेल्या अलेघेनी वाटेवरचा बिग सॅव्हेज बोगदा तर दर हिवाळ्यात बंदच ठेवतात.

ओझे खरे असू द्या

मुलाला ट्रेलरमध्ये, म्हणजे सायकलीमागे जोडायच्या दोनचाकी गाड्यात, बसवून नेणार असाल, तर तालमीत त्याच्या वजनाइतके पाणी कॅनमध्ये भरून न्यावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे १८ किलोच्या मुलासाठी १८ लिटर, हा हिशेब चुकण्याची भीती नाही. कॅन काठोकाठ भरावेत, कारण अर्धवट भरलेले पाणी आत हिंदकळते आणि ट्रेलर मागून धक्के देऊ लागतो. मग ते मुलाच्या पट्ट्यांनीच घट्ट बांधावेत. या निमित्ताने पट्टे अडकवायला किती वेळ लागतो आणि कोणते बक्कल हटवादी आहे, तेही कळते. त्यानंतर रिकाम्या सपाट जागी खडूने एक रेघ मारून ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने तिच्यापर्यंत यावे आणि रेघेवर ब्रेक दाबावा. एकदा ट्रेलर रिकामा ठेवून आणि एकदा भरून हा प्रयोग केला म्हणजे थांबायला किती जास्त जागा लागते, हे पुस्तकी आकड्यांपेक्षा नीट समजते.

वळण घेताना ट्रेलर आतून कापत जातो, आणि जुन्या रेल्वे फाटकांच्या जागी मोटारींना अडवण्यासाठी जे खांब रोवलेले असतात, त्यांच्यापाशी याचा अनुभव हमखास येतो. आमचा ट्रेलर ८० सेंटिमीटर रुंद आहे. एका शेतरस्त्याच्या ओलांडणीपाशी मी दोन खांबांमधून सायकल सहज काढली, आणि पुढच्याच क्षणी मागून कोणी तरी सीट धरून ओढावे तशी जागच्या जागी थांबले. ट्रेलरचे डावे चाक खांबाला अडकले होते. वेग चालण्याइतकाच असल्याने पाण्याच्या कॅनना काही झाले नाही, परंतु जोडदांड्याच्या पिनेजवळचा रंग खरवडून आतले धातू दिसू लागले होते, आणि कॅनच्या जागी झोपलेले मूल असते तर त्याची मान कशी हिसकली असती, याचा विचार नंतर बराच वेळ डोक्यात राहिला. तेव्हापासून नियम असा की, खांब दिसले की उतरायचे, नजर सायकलवर न ठेवता ट्रेलरच्या दोन्ही चाकांवर ठेवायची आणि चालत पार व्हायचे. सर्व फाटके सारखी नसतात. सर्वांत अरुंद फट टेपने मोजून वहीत लिहावी.

आजी-आजोबांसाठी ई-बाइक घेणार असाल, तर तालमीत दोघांपैकी एकाने तीच चालवावी. विक्रेत्याने सांगितलेला पल्ला ओझ्यामुळे आणि समोरच्या वाऱ्यामुळे बराच घटतो, हे एक. आणि तिचे वजन बहुधा २० ते २५ किलो असते, हे दुसरे. मुक्कामाच्या ठिकाणी पाच पायऱ्या असतील तर ती वर कोण नेणार, याचे उत्तर त्या पायऱ्यांपाशी उभे राहूनच शोधावे.

टायरबाबत फार चर्चा नको. खडीच्या वाटेवर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर कुटुंबाच्या सायकलींना पुरतात आणि त्यांत टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत, पण दगडासारखी टणक होणार नाही एवढी हवा असावी. खरी गडबड ट्यूबची होते. मोठ्यांची चाके एका मापाची, मुलाच्या सायकलीची २० इंची, ट्रेलरची कदाचित १६ किंवा २० इंची, आणि त्यांतही कुठे बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह तर कुठे मोटारीसारखा जाड श्रेडर. एका कुटुंबाला अशा रीतीने तीन प्रकारच्या ट्यूब आणि दोन्ही व्हॉल्व्हना बसणारा पंप लागतो. घरून निघण्यापूर्वी प्रत्येक चाकाच्या कडेवरची मापे फोनवर टिपून घ्यावीत आणि तालमीत एकदा, पंक्चर झालेले नसतानाही, ट्रेलरचे चाक काढून त्याची ट्यूब बदलून पाहावी. मागचे चाक काढताना हात काळे होणारच. ते मुले भुकेली असताना पहिल्यांदा होऊ नयेत, एवढेच.

पाऊस झाला तर घाबरून बेत रद्द करू नका. उलट ती संधी समजा. चुनखडीच्या भुकटीची वाट भिजली की चाके रुततात, आणि उडालेला करडा चिखल चेनवर बसून वाळला की चटणीसारखा खरखरतो. गिअर बदलताना होणारा तो आवाज एकदा ऐकला की चेन पुसायला जुने फडके आणि तेलाची छोटी बाटली यादीत आपोआप येते. चेन आधी कोरडी पुसावी आणि मगच तेल घालावे. चिखलावर तेल घातले तर त्याची मातकट लेपी होते.

वेगाचा हिशेब

दोघांनी मिळून ताशी १६ किलोमीटर आरामात गाठले, म्हणून कुटुंबाचा टप्पा ६० किलोमीटरचा आखणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कुटुंबाचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत हळू माणसाचा वेग, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा तो साधारण ताशी १० किलोमीटर धरावा. सायकल चालवण्याच्या प्रत्येक तासामागे पाणी, शू, बुटाची नाडी आणि वाटेत दिसलेला बेडूक यांसाठी मिळून वीस मिनिटे जातात. म्हणजे १० किलोमीटरला ८० मिनिटे, आणि ३० किलोमीटरला चार तास; जेवणाचा वेळ यात धरलेला नाही. शनिवारी एक तास मुद्दाम ताशी १० किलोमीटरने चालवून पाहावे. धडधाकट माणसाला तो वेग इतका कंटाळवाणा होतो की नकळत पाय जोर लावतात, आणि मागे वळून पाहावे तर जोडीदार ठिपक्याएवढा झालेला असतो.

जोडप्यात एकाचा वेग नेहमी जास्त असतो, आणि त्यावरून होणारी धुसफूस मोठ्या सहलीत सर्वांसमोर होण्यापेक्षा तालमीत झालेली बरी. यावर उपदेशापेक्षा वजन अधिक काम करते: वेगवान माणसाच्या सायकलीला ट्रेलर लावावा. आमच्या घरात ट्रेलर माझ्याकडे का असतो, याचे उत्तर हेच.

कोणी पुढे आणि कोणी शेवटी राहायचे, हे ठरवून तसेच चालवून पाहावे. दोघांमध्ये शंभर मीटरचे अंतर ठेवून हाक मारून पाहिली, तर वाऱ्याविरुद्ध ती पोहोचत नाही, हे लगेच कळते. मग खुणा ठरतात: घंटी एकदा वाजली तर समोरून कोणी येत आहे, दोनदा वाजली तर थांबा, आणि हात उंच धरला तर सर्वांनी उतरायचे. कोणाला मागे टाकायचे असेल, तर आधी घंटी आणि मग नमस्कार. चालणाऱ्यांमध्ये कानाने कमी ऐकणारे, कुत्रा घेऊन आलेले आणि कानांत इअरफोन घातलेले असे सर्वच असतात.

ओलांडण्या, बोगदे, पूल

रुळवाटेवरचा खरा धोका तिच्या शांततेतून येतो. चार किलोमीटर एकही वाहन दिसत नाही, मूल गुणगुणत चाललेले असते, आणि झाडी संपताच समोर मोटारींचा रस्ता आडवा येतो. पूर्वी तेथे गाडीला मान होता आणि इतरांसाठी फाटक पडत असे. आता बहुतेक ठिकाणी थांबायचे सायकलवाल्याने असते. आपल्या टप्प्यातील प्रत्येक ओलांडणी, प्रारंभापासूनच्या किलोमीटरसह, वहीत नोंदवावी आणि जेथे रस्ता वळणावर आहे किंवा झुडपांमुळे दिसत नाही, तेथे फुली मारावी. मोठ्या सहलीत अशा फुलीच्या दोनशे मीटर आधी पुढच्याने हात उंच करायचा.

बोगद्यासाठी डोक्यावरचा किंवा सायकलीवरचा चांगला दिवा लागतो. फोनचा दिवा एक हात अडकवतो आणि पुढची वाट पुरेशी उजळत नाही. तोंडाशी पोहोचताच गडद चष्मा काढावा, जॅकेट घालावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थोडे थांबावे, कारण आत थंडी असते, छतातून पाणी ठिबकते आणि ओली जमीन दिसत नाही. एलरॉय-स्पार्टा वाटेवरचा सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे, आणि तेथे सायकल हातात धरून चालतच जावे लागते. न्यूझीलंडमधील १५२ किलोमीटरच्या ओटागो सेंट्रल वाटेवरच्या बोगद्यांतही दिवे सोबत न्यावे लागतात. स्पेनमधील सिएरा या वाटेची तर गंमतच आहे: ३६ किलोमीटरमध्ये ३० बोगदे खणले गेले, पण रेल्वेचे काम अर्धवट राहिल्याने त्यांतून गाडी कधी धावलीच नाही. मुलांपैकी कोणी अंधाराला भीत असेल तर घरीच सांगून ठेवता यावे, म्हणून तालमीत बोगदा किती मिनिटांचा आहे, हे चालत मोजावे. ‘अकरा मिनिटे’ ऐकल्यावर मूल मोजू लागते; ‘आता संपेल’ यावर त्याचा विश्वास बसत नाही.

पुलावरच्या लाकडी फळ्या ओल्या असताना साबणासारख्या निसरड्या होतात, म्हणून तेथे वळू नये आणि जोराने ब्रेक दाबू नये. उंच पुलावर ज्यांना गरगरते, त्यांनी मधोमध, सायकल हातात धरून, नजर पुढच्या माणसाच्या पाठीवर ठेवून चालावे.

शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ

मुक्कामी पोहोचल्यावर आंघोळीआधी वही काढावी, कारण अंग सैल झाले की तक्रारी विसरल्या जातात. काय दुखले आणि कितव्या किलोमीटरला दुखू लागले, पाणी किती संपले, कोणती पिशवी सारखी उघडावी लागली, एवढे पुरे. सायकली रात्री कोठे ठेवू देतात, चार्जिंगसाठी किती प्लग आहेत आणि धुतलेले कपडे सकाळपर्यंत वाळतात का, हेही तेथेच पाहून घ्यावे.

रविवारी पहिले पाच किलोमीटर बैठक बोलत राहणार, हे गृहीत धरावे. वीस मिनिटांत दुखणे विरले तर ते केवळ सवयीचे आहे. कातडी सोलवटली असेल किंवा गुडघा पुढून दुखत असेल, तर मात्र दोष सीटमध्ये किंवा तिच्या उंचीत आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा, हा उंचीचा जुना आणि भरवशाचा ठोकताळा. गुडघा पुढून दुखण्याचे कारण बहुधा सीट फार खाली असणे हे असते. बदल करण्याआधी मूळ उंचीवर चिकटपट्टीची खूण करावी आणि एका वेळी चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये. सायकलिंगच्या, बैठकीला गादी शिवलेल्या चड्डीआत दुसरी चड्डी घालू नये, हे सांगायला संकोच वाटतो, परंतु अर्ध्या तक्रारींचे मूळ तेथेच असते.

घरी परतल्यावर सायकली धुण्याआधी प्रत्येक स्क्रूला पाना लावून पाहावा. खडीच्या थरथरीने कॅरिअरचे आणि मडगार्डचे स्क्रू सैल होतात, आणि दोन दिवसांत जो सैल झाला तो पाच दिवसांत पडणार, हे उघड आहे. पिशव्या रिकाम्या करताना, दोन दिवसांत एकदाही न वापरलेली प्रत्येक वस्तू बाजूला काढावी. त्यातून पंप, ट्यूब, प्रथमोपचाराचा डबा आणि रेनकोट एवढे परत आत जाईल, बाकीचे घरी राहील.

त्याच रात्री वही आणि नकाशा शेजारी ठेवून बेत नव्याने मांडावा. आमच्या बेतात दुसऱ्या दिवशी ४२ किलोमीटरचा टप्पा होता; त्यातले शेवटचे १२ किलोमीटर उघड्या भरावावरून, दुपारच्या वाऱ्यात आणि चढाचे होते. तो टप्पा आम्ही २६ किलोमीटरवर तोडला, सहलीत एका मुक्कामाची भर घातली आणि त्या जागेसाठी सोमवारी सकाळी फोन केला.